चमकती बाजू वर

३ एप्रिल
जेजू बेटावर पोचलो. समुद्रातल्या वनस्पतींची पाहणी, म्हणजे महिनाभर पगारी मजा. उतरलोय पाणबुड्या बायकांच्या गावात, बू मालसून मावशींकडे. सत्तरी उलटली तरी या बायका एका दमात बुडी मारतात आणि वर आल्या की शीळ घालत श्वास सोडतात. केवढा तो तोरा. माझी हवेची टाकी बघून मावशी म्हणाल्या, सोलच्या पोरांना समुद्रातसुद्धा बाटली लागते का? सगळ्या खिदळल्या. हसा म्हणावं.

५ एप्रिल
आज खोल उतरलो. काय रान आहे खाली! दोन पुरुष उंच सोनेरी शेवाळ, मधे गुलाबी पोवळी, पाय ठेवायला जागा नाही. या बायांना त्यातलं फक्त खायचं तेवढं दिसतं. एका कपारीत रिकामा शिंपला होता, चमकती बाजू वर. ही यांची खूण. खडकाला चिकटलेलं मोठं अबलोन, म्हणजे खायची समुद्री गोगलगाय, दिसलं, पण दम संपला, की शेजारी शिंपला ठेवून वर यायचं. पुढच्या बुडीत आधी शिंपला उचलायचा, मग अबलोन काढायचं. दुसरीच्या खुणेला कोणी हात लावत नाही. मी लावला, अबलोनही काढलं. दम पुरत नसेल तर घरी बसावं.

६ एप्रिल
अबलोनची पेज फर्मास झाली. शिंपल्याची मी राखदाणी केलीय. जेवताना हे सांगितलं तर सगळ्यांचे चमचे थांबले. मावशींनी विचारलं, किती खोल? मग म्हणाल्या, तिथवर या गावात कोणाचाच दम पुरलेला नाही, त्यांच्या आजीचासुद्धा. शिंपला आजच्या आज ठेवून ये, माफी माग. मी विचारलं, कोणाची, माशांची?

७ एप्रिल
धक्क्यावर माझ्या टाकीपाशी दुसराच शिंपला. ओला. चमकती बाजू वर. म्हाताऱ्यांचा पोरखेळ. चांगलं झापलं. सगळ्या नुसत्या समुद्राकडे बघत राहिल्या. ते मात्र आवडलं नाही.

८ एप्रिल
आज शिंपला अंगणात. सगळीकडे खारं पाणी. मावशींचं म्हणणं, तू खाली जातोस तसं, ज्याची ती खूण होती ते वर येतंय, एका दमात. दम संपला की खूण ठेवून परत जातं, दर खेपेला थोडं पुढे येतं. बायका डोंगरावरच्या गावी निघाल्या. मावशी माझी बॅग घेऊन टेम्पोपाशी उभ्या राहिल्या. चल रे दीडशहाण्या, तिथवर नाही पुरणार त्याचा दम. मी बॅग हिसकावून घेतली. खुळचट बाई. रडत गेली.

९ एप्रिल
दुपार. धुकं. गावात चिटपाखरू नाही. डुलकी लागली होती. जाग आली तर उशाशी शिंपला — ओला —
फोन लागत नाही. डोंगराची वाट समुद्राला लागूनच —

समुद्राकडून शीळ आली. दम घेतंय.
मावशींबरोबर जायला हवं होतं. मला मरायचं नाहीये.

दाराला कपाट लावलं. खिडकीला पलंग. वळून पाहिलं तर उशाशी —
शिंपला नाही. कोणीतरी उचल