बाबांच्या गाडीला दुसरं इंजिन

४ फेब्रुवारी

"तुला काय कळतं त्यातलं?" — दादा म्हणाला! मला! तीस वर्षं लेथवर लोखंड कापतेय, आणि हे भूगोलाचे मास्तर मला इंजिन शिकवणार!

बाबांच्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक तडकलाय. दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा पाणी गळलं. संपलं ते. भंगारातल्या एका जुन्या व्हॅनचं इंजिन मिळालंय — गाडीच्याच काळातलं, सहा सिलिंडरचं, ठणठणीत. पण दादाचं नाहीच! "मी जिवंत असेपर्यंत बाबांच्या गाडीत परकं इंजिन बसणार नाही." मग काय, गाडी उभ्या उभ्या सडू द्यायची?

९ फेब्रुवारी

जुनं इंजिन उतरवलं. दादा शेडच्या दारात उभा. जाताना इंजिनावर चादर टाकून गेला — मढ्यावर टाकावी तशी. अस्सा राग आला!

१० फेब्रुवारी

अबोला. निरोप वहिनींमार्फत. — "ते म्हणतात, आता ही गाडी त्यांची नाही." होती कधी? बाबा गेल्यापासून धुणं, पुसणं, ऑइल बदलणं माझ्याकडे, आणि हक्क गाजवायला दादा!

१६ फेब्रुवारी

इंजिन लांब, जागा आखूड. ऑइलचं चेंबर पुढच्या आडव्या पट्टीवर टेकत होतं. कापून उथळ केलं. रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला. गिअरबॉक्सशी जोडायला जाड प्लेट बनवली. पहिली चुकली, दुसरी चपखल! दाखवायला कुणी नाही, म्हणून वहिनींना दाखवली. "छान आहे हो. पण हे आहे काय?"

१७ फेब्रुवारी

बॉनेट लागत नाही. घरातून दादाचं हसणं ऐकू आलं. हस म्हणावं!

२१ फेब्रुवारी

इंजिन ज्यावर बसतं ती नवी माउंटिंग वेल्ड करायची म्हणून चॅसीवरचा रंग घासला. खाली चार भोकं — बुजवलेली, वर कानस मारून साफ केलेली. मोजली. मी उतरवलेलं इंजिन या भोकांवर बसूच शकत नाही! म्हणजे तेही मूळचं नव्हतं! बाबांनीच कधीतरी बदललेलं!

आणि हा मला परक्या इंजिनाच्या गोष्टी सांगतो! उद्या हाताला धरून आणते, भोकं दाखवते आणि नाक घासायला लावते.

२२ फेब्रुवारी

दाखवलं. दादा गुडघ्यांवर बसला, भोकांवरून अंगठा फिरवला.

"माहीत आहे, चिमे. ही कानस मीच मारलीय. सतरा वर्षांचा होतो. न विचारता गाडी नेली, पाणी न बघता पळवली. पहिलं इंजिन मी जाळलं. बाबांनी दुसरं, तू उतरवलंस ते, शोधून आणलं, माझ्याच हातानं बसवून घेतलं. तू तेव्हा रांगत होतीस. आईलासुद्धा सांगितलं नाही त्यांनी. शेवटपर्यंत."

आज वेल्डिंग केलं नाही.