तुझा डावा पाय

आई, तुझ्या रक्तात काय कमी होतं ते मला यंदा कळलं. आता कळून कुणाचं काय भलं होणार, असं तू म्हणशील. पण तुझ्या नातीसाठी ते शोधणं भाग होतं. तू तिला पाहिलंच नाहीस. परतवाड्याला दिली तिला. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माझ्याकडे अमरावतीला आली, ती डावा पाय ओढतच. पोटरी सुजलेली, दाबली की कळ. तो तुझाच पाय होता गं.

अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर, मी दहावीत. तू ओट्याशी उभी राहून भाकरी थापते आहेस, डावा पाय तेलाच्या रिकाम्या डब्यावर टेकवून. मी म्हणते दवाखान्यात जा, तर तू माझ्यावरच डाफरतेस, 'पाय दुखला म्हनून कोनी दवाखान्यात जाते काय वं? लोक हासतीन.' संध्याकाळी आत्या लसूण-ओवा घालून तिळाचं तेल कढवायची आणि तुझ्यासमोर बसायची. बाबांची मोठी बहीण ती, नवरा गेल्यावर आपल्याकडेच राहिलेली. सणावाराला तू तिच्या पाया पडायचीस, आणि ती तुझ्या पायाला हात लावणार म्हटल्यावर तू पाय आखडून घ्यायचीस. 'बाई, पाप लागीन मले.' ती म्हणायची, 'चूप बस, लागलं तं मले लागू दे,' आणि पोटरी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत अशी रगडायची, की तू तिथेच भिंतीला टेकून डुलक्या घ्यायचीस. तुला झोपलेलं पाहायला मिळायचं ते तेवढंच.

मग एका सकाळी चहा गाळताना 'दम लागून राहिला वं' म्हणालीस, खाली बसलीस, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. आलेली बाई न् बाई म्हणाली, पुण्यवान हो, हाल नाही झाले, सोनं झालं. असा संताप आला होता मला! चाळिशीसुद्धा न गाठलेल्या बाईचं कसलं आलंय सोनं? माझी वेणी कोण घालणार होतं? पुढे ती आत्यानं घातली, माझं लग्न होईपर्यंत, रोज.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पायाची सोनोग्राफी केली. रक्ताची गाठ नव्हती. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला असा त्रास होता का. मी तुझं सांगितलं, तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, रक्त गोठायला लागलं की त्याला 'पुरे आता' म्हणणारं एक प्रोटीन असतं, प्रोटीन एस. काही घराण्यांत ते जन्मापासूनच कमी असतं, आणि गरोदरपणात, बाळंतपणात तेच जिवावर बेतू शकतं. पण गरोदर बाईचं ते एरवीही उतरतंच, त्यामुळे पोरीची तपासणी आत्ता भरवशाची नाही. म्हणून आधी माझी. मी म्हटलं, घ्या. लॅबमधली पोरगी निळ्या टोपणाची नळी घेऊन आली. अर्धी भरली आणि माझी शीर रुसली. तिनं ती नळी सरळ टाकून दिली! 'काकू, रेघेपर्यंत भरलीच पाह्यजे. आतलं औषध मोजून असते, नाही तं रिपोर्ट चुकते.' मी म्हटलं, 'माह्या रक्ताची काही किंमत हाये का नाही?' ती हसली आणि दुसऱ्या हातात सुई घातली. रक्तातला पिवळसर भाग वेगळा करून, गोठवून मुंबईला धाडला म्हणे. मी जन्मात मुंबई पाहिली नाही, माझं रक्त मात्र बर्फात बसून जाऊन आलं.

रिपोर्ट कमी आला. खात्रीसाठी पुन्हा केला, तोही कमी. मला दोन बाळंतपणांत काही झालं नाही हे नशीब म्हणायचं. तुझ्याकडूनच आलं असेल, पण तुझं आता तपासणार कसं? पोरीलाही असेल असं धरून तिला रक्त गोठू नये म्हणून पोटाच्या कातडीत रोजचं इंजेक्शन सुरू झालं. निघताना बाई म्हणाल्या, 'आणि पाय सुजला तर चोळायचा नाही. गाठ असली तर सुटून छातीत जाऊ शकते.' मी उठले होते ती परत खाली बसले. 'माझ्या आईचा आत्या रोज चोळायची,' मी म्हटलं. इतक्या वर्षांनी कुणीच काही सांगू शकणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आले तर आत्या अकोल्याहून येऊन थडकलेली. चटईवर पोरगी पाय पसरून बसलेली, आणि आत्याच्या हातात तेलाची वाटी. मी दारातूनच किंचाळले, 'हात लावू नको!' आयुष्यात तिच्यावर आवाज चढवला नव्हता मी. डॉक्टरांनी नको सांगितलंय, एवढंच कसंबसं बोलले आणि आत निघून गेले. राग आला होता, आई, भयंकर राग. तिचे ते हात बघवेनात. दोन दिवस तिनं वाढलेलं खाली मान घालून जेवले.

तिसऱ्या दिवशी मी तुरीच्या शेंगा सोलत होते, ती समोर येऊन बसली. कान तेवढे कमी झालेत तिचे, डोकं नाही. 'खरं सांग,' म्हणाली. 'तुह्या मायचा पाय मी रोज रगडला. माह्यानं तं नाही ना गेली ते?' हात मांडीवर उलटे टाकलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेवढंच सांगता आलं असतं, खोटंही झालं नसतं. पण मी म्हटलं, 'नाही. काहीच्या काही नको बोलू. तुह्या हातानं तिले झोप लागे.' ती रडली, मीही रडले, आणि मग वर तिनं मलाच दटावलं, 'मंग दोन रोजापासून तोंड काहून फुगवून बसली होती?'

पोरगी सुखरूप सुटली. मुलगी झाली, दोघी छान आहेत. दुसऱ्याच दिवशी पोरीला दवाखान्यात चालवलं, इंजेक्शनं अजून सुरू आहेत. बाळाचं रक्त ती मोठी झाली की तपासू, इतक्या लहानपणी सगळ्यांचंच कमी दिसतं म्हणतात. घरातला कागद न् कागद आत्या चष्मा लावून वाचते, तेव्हा हे लिहून झालं की फाडणार आहे. एकच सांगायचं राहिलं. त्या दुपारी तुझ्या वतीनं मी तिला माफ करून टाकलं, तुला न विचारता. तू केलं असतंस की नाही, कोण जाणे, तूही काही कमी तापट नव्हतीस. पण तू नाही म्हणाली असतीस ना आई, तरी मी तिचीच बाजू घेतली असती.