शिळं पाणी

२ एप्रिल
सुट्टीत घरी बसायचं नाही असं ठरवलंच होतं, त्यात हे सरकारी काम आलं. गारगोटीच्या पुढच्या चार वाड्यांतल्या बायकांनी मिळून स्वतःचं पाणी मंडळ काढलंय. एक विहीर, एक टाकी, घरोघर नळ. वर्ष झालं. त्याने काय फरक पडला ते बघून अहवाल द्यायचा. बरा गेला तर मंडळ वाड्यांच्या हातात राहणार. वाईट गेला तर मोडणार, आणि उन्हाळ्यात पुन्हा टँकर.
ह्यांचं म्हणणं, कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या बाईला नळातलं काय कळणार? म्हटलं, मंगळवार पेठेतल्या घरात तीस वर्षं पाणी कोण भरतंय?

४ एप्रिल
पहिली वाडी. मालूताई भेटल्या. मंडळाच्या अध्यक्ष त्याच, रोज सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्याही त्याच. आवाज असा की पंप बंद पडला तरी पाणी घाबरून वर चढेल.
नऊ घरं, नऊ चहा. दहाव्या घरी पोट बिघडलंय म्हटलं, तर ताक आलं. जिथं विचारावं तिथं, "पाणी झ्याक हाय की!" एकीने नळाला हळदकुंकू लावलंय. फार छान वाटलं आज.

७ एप्रिल
घोटाळा. योजनेवर देखरेख करणारे इंजिनिअर आले. माणूस चांगला, पण आधी संशय, मग नमस्कार. टाकी साडेसातलाच रिकामी होते, आणि सगळ्यात वरच्या वाडीचे नळ नुसते फुसफुसतात. "एवढ्या लोकांना एवढं पाणी लागतच नाही. गळती आहे नाहीतर चोरी. बायकांना जमत नाही, असं स्पष्ट लिहा."
डोकंच फिरलं. पण आकडे माझ्याच वहीतले, आणि ते त्यांच्या बाजूचे.

८ एप्रिल
मालूताईंबरोबर अख्खी पाइपलाइन चालले. एक थेंब गळत नाही. पाय सुजले.  शेवटी मालूताई म्हणाल्या, "मॅडम, लिवायचं ते खरं लिवा. पर एक डाव सकाळी नळ आल्यावर बगा, मग लिवा."
मुक्काम त्यांच्याकडेच. झुणका भाकरी, कांदा. जास्त खाल्लं.

९ एप्रिल
सापडलं!
सकाळी सहाला मालूताई व्हॉल्व्ह सोडायला गेल्या, मी दारात उभी. समोरच्या घरी हौसाक्का, सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ. नळ जरा फुसफुसला तशी त्यांनी भरलेला हंडा उचलला आणि धो धो केळीला ओतला. मग घागर. मग अख्खं पिंप कलंडलं. शेजारी तेच, पलीकडे तेच. गल्ली वाहायला लागली.
"आक्का, चांगलं पाणी ओतताय का?"
"चांगलं कुठलं? कालचं न्हवं का. शिळं!"
आणि नळाखाली सगळं पुन्हा काठोकाठ.
चोरी नाही, गळती नाही. घरोघर रोज भरलेलं ओततात आणि तेवढंच पुन्हा भरतात. बायका डोक्यावरून आणायच्या तेव्हा शिळं व्हायला पाणी उरतच नव्हतं. हसून हसून पोट दुखलं. कारण आत्ता कोल्हापूरला आमचे हे असाच हंडा ओतत असणार, शिस्त माझीच. माझ्या तीन पानी फॉर्ममध्ये 'किती ओतता' हा प्रश्नच नाही. शहाणी मी.

१४ एप्रिल
जयंती. सगळ्यात खालची वाडी आमच्या बौद्ध लोकांची, तिथल्या विहारात चारी वाड्या जेवायला. वरच्या वाडीच्या बायका खालच्या वाडीच्या नळावर तांदूळ धूत होत्या. माझी आजी पाणवठ्यापासून लांब उभी राहायची, कुणीतरी वरून घागरीत ओतेल म्हणून. आज ती हवी होती.
जेवणं झाल्यावर बैठक. मालूताई म्हणाल्या, प्यायचा हंडा रोज ताजा भरा, त्याला ना न्हाय. पण रोज येतंय तर पिंप भरताच कशाला?
हौसाक्का उठल्या. "आन् उद्या न्हाय आलं तर?"
मालूताई उसळल्या, "वर्सात एक दिस तरी चुकलोय व्हय मी? उद्याबी सोडतो की!"
 हौसाक्का बसता बसता, "बगू."

२० एप्रिल
आज आठ वाजता टाकीत अर्धं पाणी शिल्लक! वरच्या वाडीतून फोन, नळाला धार आहे, अंगठ्याएवढी. इंजिनिअर साहेब स्वतः शिडी चढून दोनदा डोकावले. "आठवड्याचं काय खरं? लग्नसराईत बघू." काही घरं अजून पिंप भरतात, मालूताई दारात जाऊन भांडतात. भांडण ऐकायला मजा येते.

२३ एप्रिल
अहवाल दिला. निर्णय वर होणार, कधी ते कुणालाच माहीत नाही.
तो द्यायला जाताना आधी वाडीवर गेले होते. हौसाक्कांचं पिंप अंगणात उपडं, वर कोंबडी बसलेली.
"आक्का, मोकळं ठेवलंत?"
"मग! मालू हाय की."
 अहवालातला 'दिसून आलेला परिणाम' हा रकाना तोवर कोराच होता, तिथं लिहिलं : हौसाक्कांनी पिंप उपडं करून ठेवलं.
इंजिनिअर साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "हा काय परिणाम झाला?"
म्हटलं, हाच.
त्यांनी अजून खोडलेलं नाही.