पुलावरच्या कुत्र्याची हद्द

३ तारीख, सोमवार. सकाळी ८
संकल्प: मी नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक. यापुढे राज्याचं एकही काम फुकट करणार नाही. पुलावरचं तपकिरी कुत्रं लोकांच्या अंगावर धावतं. अलीकडचा अर्धा पूल आमचा, पलीकडचा राज्याचा. कुत्रं त्यांचंच. रंग त्यांच्या फायलींचा आहे.
आमची लेक याच पुलावरून शाळेत जाते. बायको म्हणाली, आधी कुत्रं पकडा, मग हद्द बघा. तिला प्रशासन कळत नाही.

५, बुधवार
राज्याच्या आरोग्य खात्याचं उत्तर: कुत्रं झोपतं तुमच्या हद्दीत. म्हणजे झोप आमची, चावणं कोणाचं? तीन पानी पत्राचा दणका दिला.

७, शुक्रवार
लेक आता लांबच्या वाटेने जाते. अर्धा तास जास्त. संध्याकाळी पाय चोळत बसली होती. फार वाईट वाटलं. पुढच्या पत्रात एक परिच्छेद वाढवला.

१०, सोमवार. दुपारी १
संयुक्त पाहणी. राज्याचे साहेब आणि मी. टेप, खडू. पुलावर मध्यरेषा आखली. कुत्रं येऊन बरोबर रेषेवर बसलं. एकमत फक्त चहावर झालं.

दुपारी ४
चावलं. रेषा ठळक करायला वाकलो होतो. डोकं आमच्या हद्दीत, चावलेला भाग राज्याच्या. पुरावा मिळाला! इंजेक्शन घेतलं. हे उभ्याने लिहितोय.
नर्सबाई म्हणाल्या, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही ठेवा. मी म्हटलं, तुम्ही. ठाम राहिलो.

१३, गुरुवार
दुसरं इंजेक्शन. घरी आलो तर कुत्रं अंगणात! बायकोने बिस्किटं दाखवत आणलं, बांधलं, जनावरांच्या डॉक्टरलाही बोलावलं. मला विचारलंसुद्धा नाही. लेक पुलावरून शाळेत गेली. येताना पळत आली.

१७, सोमवार
तिसरं इंजेक्शन. नर्सबाईंनी फॉर्म काढला. विचारलं, कुत्रं कोणाचं? मी घसा साफ केला. विषय मोठा होता. सोबत आलेली बायको म्हणाली, लिहा, यांचं.
फॉर्मवर नगरपालिकेने शिक्का मारला. राज्यानेही मारला. एका दिवसात! माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.
साडेसहाला त्याला फिरवायला न्यायचंय. बायकोने सांगितलंय, पार पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत.