देवाच्या डोहातली कासवं

विंझर, १९७४

जगन,

आशीर्वाद. बोटीवरच्या नोकरीतनं तू परदेशी कासवं आणलीस, कानापाशी लाल पट्टा असलेली, रुपयाएवढी. सुट्टी संपल्यावर "देवाच्या डोहात सुखानं ऱ्हातील" म्हणून सोडून गेलास.

इतक्या वर्षांत ती ताटाएवढी झाली, त्यांची पिल्लंबी झाली. माशांची अंडी ती शिल्लक ठेवत न्हाईत. आपली काळी कासवं ज्या खडकावर उन्हाला बसायची, तिथं आता हीच बसतात. "जाळं टाकून काढू या," असं म्या गावाला म्हनलं. तर सरपंच नाना म्हणाले, "गुरवा, देवाच्या डोहातला जीव धरायचा न्हाई, हे तुमच्याच घरानं आमाला शिकवलं की."

रोज नैवेद्याचा भात पाण्यात टाकतो. पूर्वी माशांनी पाणी उकळल्यागत व्हायचं. आता लाल पट्ट्याची डोकी तेवढी वर येतात, आन् बाया हात जोडतात.

कासवं कशी हायेत, असं तू विचारलंस. "झकास हायेत" एवढंच लिहून कार्ड कालच धाडलं. त्यात एक अक्षर खोटं न्हाई. हे बाकीचं माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.

तुझा थकलेला दादा,
रखमाजी