खिशातले दात

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

अंधेरीला बाउन्सरच्या नोकरीसाठी जाऊन आलो. आयुष्यभर हॉकीत फुलबॅक खेळलो. समोरच्या फॉरवर्डला धाक दाखवायचा, एवढंच काम. दुसरं येतं काय मला?

मॅनेजर म्हणाला, "जरा दम देऊन दाखवा."

सवयीने पुढचे खोटे दात काढून खिशात टाकले. प्रत्येक मॅचआधी टाकायचो तसे. का काढले यार? तेव्हा ते भगदाड बघून भलेभले टरकायचे. याने उठून मला खुर्ची दिली. "काका, बसा. पाणी देऊ?"

घरी आलो तरी दात खिशातच. बायकोने खिशातून दात काढले, धुतले, माझ्या हातावर ठेवले.

"मॅच संपली हो. घाला आता."