माझ्याकडून सांडलं

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचा पट्टा तू टेबलाच्या डुगडुगत्या पायाला बांधलायस, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. तो गुडघ्याला बांधायचा असतो.

कुणालाही काही झालेलं नाही, हे आधीच सांगते. काल माझ्या हातून मोठी चूक झाली. आमच्या रुग्णालयात मुलांच्या तापाचं औषध दोन प्रकारचं असतं, साधं आणि दुप्पट ताकदीचं. मी बारा बाटल्यांत दुप्पट ताकदीचं भरलं आणि लेबलं साधी लावली. घरी निघताना एप्रनच्या खिशात दुप्पटची बारा लेबलं हाताला लागली, तेव्हा चूक लक्षात आली. खोलीत कुणी नव्हतं, कचऱ्याची टोपली पायाशी होती. पण मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. त्या आमच्या औषधविभागाच्या प्रमुख. तोंडातून निघालं ते एवढंच, की माझ्याकडून सांडलं. बिचाऱ्या फरशीकडे बघायला लागल्या.

आम्ही दोघी धावतच वॉर्डात गेलो. अकरा बाटल्या कपाटात होत्या. बारावी एका लहान मुलीच्या खाटेशी होती आणि नर्सने चमचा भरलेला होता. तो तोंडात गेला नाही.

सोमवारी चौकशी आहे. नोकरी जाऊ शकते. बाबांचं म्हणणं, काहीतरी सबब सांगून बाटल्या परत आणायच्या होत्या, स्वतःचं नाव कशाला घ्यायचं? हा सगळा तुझ्या बालवर्गाचा प्रताप आहे म्हणे.

रागवायचं तर रागव, पण लोभ पहिल्याइतकाच ठेव.

तुझी भाची,
चिमणी

७ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तो चमचा डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्यावर कशाला रागावू? मला माझीच धाकधूक लागली आहे.

माझ्या पुढच्या खोलीत तुम्ही चौदा पोरं बसायचात. पाणी सांडलं की सांडणाऱ्यानं उभं राहून माझ्याकडून सांडलं म्हणायचं, बाकीच्यांनी फडकी आणायची. हसायचं नाही, ओरडायचं नाही. तू दिवसातून तीनदा सांडायचीस. एकदा तर दुसरीनं सांडलेलं आपल्या नावावर घेतलंस, सगळे फडकी घेऊन जमतात म्हणून. पहिलीत गेलीस तेव्हा तुला धड अक्षरं येत नव्हती. दादा तणतणत आला, की मी पोरीला शिकायला पाठवली होती की फरशी पुसायला. मी तोऱ्यात म्हणाले होते, अक्षरं येतील मागाहून.

अक्षरं आली तुला. पण मोठ्यांच्या जगात फडकं घेऊन कुणी धावत नाही, हे सांगायचं मी विसरले. खरं बोलून तुझी नोकरी गेली, तर त्यात माझा हात आहे. तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की बिघडवलं, हेच आता मला कळेनासं झालं आहे.

सोमवारचं लगेच कळव. तोवर घास गोड लागायचा नाही. पट्टा गुडघ्यावर आहे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आत्या

१० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी आहे. आता पोटभर जेव.

लेखी समज मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. एका साहेबांनी विचारलं, लेबलं टोपलीत टाकावीशी वाटली नाहीत का. वाटली, असं मी सांगितलं. त्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, बावीस वर्षांत आपण चुका पकडल्या, आपणहून चूक आणून कुणी दिली नव्हती. आता औषध एकीनं भरायचं आणि लेबल दुसरीनं तपासून लावायचं, असं ठरलं आहे.

बाहेर आले तर कामावर माझ्या शेजारी बसणारी, एरवी हूं की चूं न करणारी, बाईंच्या मागोमाग त्यांच्या खोलीत शिरली. तिला मागच्या महिन्यातलं काहीतरी सांगायचं होतं. बाईंनी तिला खुर्ची पुढे केली. मला जिन्यातच रडू फुटलं, इतकं हलकं वाटलं. मोठ्यांच्या जगातही फडकं घेऊन येतात गं, आत्या. त्यांना आधी कळावं मात्र लागतं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, तुझ्या वर्गाबद्दल ते इतकी वर्षं चुकीचं बोलत आले, हे तुला कळवायला हवं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो माझ्याकडेच सरकवला. दोनदा आग्रह केला, पण नाही. तेव्हा मीच लिहिते: बाबांचं चुकलं, असं बाबा म्हणतात. ते तुझ्या वर्गात बसले नव्हते, सांभाळून घे.

दोघांवरही माया असू दे.

तुझी,
चिमणी